चिमणी नावाची घोडी

कारखान्यात तिला सगळे सुईमावशी म्हणत. शिवणकामाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. साधं बटण तुटलं तरी ती शर्ट थोरल्या जावेपुढे धरायची. नाव पडलं ते कामावरून. मांस कापून, ट्रेमध्ये भरून सुपरमार्केटांना पाठवणारा तो कारखाना. सुईमावशी उभी असायची अगदी शेवटच्या टेबलाशी. पट्ट्यावरून बंद ट्रे सरकत येत, धातू ओळखणाऱ्या कमानीखालून जात आणि एखाद्यात लोखंडाचा कण जरी असला तरी कमान किंचाळायची. मग एक दांडा त्या ट्रेला ढुशी देऊन बाजूच्या पेटीत ढकलायचा. तो ट्रे फोडायचा, तुकडा न् तुकडा चाचपायचा आणि आत काय लपलंय ते शोधून काढायचं, हे तिचं काम. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मांसातून इंजेक्शनची तुटलेली सुई काढून दाखवली आणि ते नाव जे चिकटलं ते कायमचं.

पुढे तिने सुरीची टोकं काढली, साखळीच्या कड्या काढल्या, पिना काढल्या, कुणाच्या तरी कानातलं काढलं, एकदा तर बंदुकीचा छर्रा काढला. तिला ते काम आवडायचं. त्या हॉलमध्ये बारा महिने थंडी. दोन स्वेटर, वर पांढरा कोट, हातात मोजे, आणि तरीही बोटं बधिर. पण कमान ओरडली की तिच्या अंगात ऊब यायची. आता काय निघणार? लहान मुलीसारखी उत्सुकता वाटायची तिला.

एवढी वर्षं मांसात हात घालून काढली, पण ज्याचं मांस त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. मांस यायचं ते गोठवलेल्या ठोकळ्यांत, विटांसारखं रचलेलं. खोक्यावर शिक्का असायचा, ‘बीफ’. शिक्का म्हणतो ते आत, इतका साधा हिशेब. ती शहरातच जन्मली, शहरातच वाढली. गाय, बैल, घोडा, सगळं चित्रातलं.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपून पट्टा सुरू होतो न होतो तोच कमान ओरडली. स्वस्तातल्या तुकड्यांचा ट्रे होता. सुईमावशीने तो फोडला, तुकडे पसरले, एकेक चिमटीत दाबून पाहू लागली. एका चिवट, पांढरट शिरेच्या तुकड्यात बोटाला काहीतरी टणक लागलं. तिने शीर चिरली आणि आतून निघाला एक दाणा. तांदळाच्या दाण्याएवढा, काचेचा, दोन्ही टोकांना गोल.

तिने तो पुसला, दिव्यासमोर धरला आणि बघतच राहिली. काचेच्या आत तांब्याची तार गुंडाळलेली होती. केसाहून बारीक तार, वेढ्याला वेढा लागून, एकही वेढा चुकलेला नाही. इतकं नाजूक काम कुणाच्या हातचं? आणि ते इथे, या लाल तुकड्यांत, कसं?

“मावशी, सापडलं का?” सुपरवायझर लगबगीने आला. माणूस वाईट नव्हता, पण कायम कुणीतरी मागे लागल्यासारखा धावायचा.

“सापडलं. पण काय सापडलं ते कळत नाही.”

त्याने वाकून पाहिलं. “काच आहे. यंत्राचा दिवा-बिवा फुटला असेल. टाका तिकडे.”

“फुटलेली काच अशी गुळगुळीत असते होय? हे कुणीतरी मुद्दाम घडवलंय.”

“मावशी, वरून सारखे फोन येतायत, माल अडलाय. टाका हो!”

ती ‘बरं’ म्हणाली आणि तो पाठमोरा होताच दाणा कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला. असं तिने पूर्वी कधीही केलं नव्हतं. पण ती तार पाहिल्यावर तो कचऱ्यात टाकायला हातच होईना.

घरी ती आणि थोरली जाऊ अशा दोघीच. दोघींचेही नवरे जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ गेले आणि जावा एका घरात उरल्या. जाऊबाई जन्मभर टेलिफोन कचेरीत ऑपरेटर होत्या, दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायच्या. निवृत्त झाल्यापासून त्या सगळ्याची भरपाई स्वतः बोलून करत होत्या. तिसरा मेंबर म्हणजे बोका, लठ्ठ आणि आगाऊ.

सुईमावशी आली तेव्हा गॅसवर पातेलं रटरटत होतं.

“आज तुमच्याच कारखान्याचा ट्रे आणलाय,” जाऊबाई म्हणाल्या. “म्हटलं, आपल्या माणसाच्या हाताखालून गेलेला माल, खात्रीचा.”

सुईमावशीने बशीत कागद उलगडला. जाऊबाईंनी भिंग आणलं, दाणा उलटापालटा केला आणि एकदम ओरडल्या, “अगं, हे तर आपल्या बोक्याच्या मानेतलं!”

बोका मागे हरवून सापडला होता, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या मानेत असलाच दाणा टोचला होता. पुन्हा हरवलाच तर ओळख पटावी म्हणून. दोघींनी मिळून बोक्याला धरलं. त्याने ओरबाडलं, पण मानेच्या कातडीखाली दाणा लागला हाताला, जागच्या जागी.

“याचा याच्याकडेच आहे,” जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या. “मग तो कुणाचा?”

बोलता बोलता दोघींची नजर पातेल्याकडे गेली. जाऊबाईंनी हात लांब करून गॅस बंद केला. त्या संध्याकाळी दोघींनी पावाला लोणी लावून खाल्लं आणि पातेल्यावर झाकण ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती थेट डॉक्टरांकडे गेली. जाऊबाई तिथे आधीच येऊन बसल्या होत्या. बोका नाही आणि दोघीच कशा, म्हणून डॉक्टरांना नवल वाटलं. सुईमावशीने कागदातला दाणा पुढे केला.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून हातात मावेल असं एक यंत्र काढलं आणि दाण्यावरून फिरवलं. टुक्, असा आवाज झाला आणि यंत्राच्या काचेवर आकड्यांची लांब रांग उमटली.

“चालू आहे?” सुईमावशी दचकली. “डॉक्टर, ते ठोकळे बर्फाहून थंड असतात. करवतीने कापतात ते. आणि हे अजून चालू आहे?”

“याला बॅटरी नसतेच,” डॉक्टर म्हणाले. “हा झोपून असतो. वर्षानुवर्षं. यंत्र जवळ आलं की त्याच्याच जोरावर जागा होतो, आपला नंबर सांगतो आणि परत झोपतो. मांस कुजलं, हाडं गेली, तरी हा सांगत राहणार.”

सुईमावशी वाकून दाण्याकडे पाहू लागली. जाऊबाईसुद्धा पुढे सरकून बसल्या.

डॉक्टरांनी नंबर कॉम्प्युटरवर घातला. पडद्यावर काहीतरी उघडलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“मावशी, हा कुठे सापडला म्हणालात?”

“बीफच्या ट्रेमध्ये.”

“ही घोडी आहे.” त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. “तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. नाव चिमणी. मालकीण शहराबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेतल्या बाई. आणि नोंदीप्रमाणे ही अजून जिवंत आहे. म्हातारपणी कुरणात चरते आहे.”

जाऊबाईंनी हळूच विचारलं, “घोड्याचं मांस विषारी असतं का हो?”

“नाही. काही ठिकाणी लोक उघड उघड, घोड्याचं म्हणून विकत घेऊन खातात. पण हिला सांधेदुखीसाठी बरीच वर्षं एक औषध चालू होतं. ते दिलेलं जनावर माणसाच्या ताटात येताच कामा नये. आणि शिवाय, डब्यावर एक लिहून आत दुसरंच भरलं तर खाणाऱ्याने विश्वास ठेवायचा कशावर?” ते थांबले. “मला हे कळवावं लागेल. पण कुठल्या मालातून आलं ते तुम्हीच सांगू शकता. नोकरीवर गदा येईल, हे आधीच सांगून ठेवतो.”

सुईमावशी बराच वेळ पडद्यावरच्या नावाकडे बघत होती. एवढ्या मोठ्या जनावराचं नाव चिमणी!

“सांगेन,” ती म्हणाली. “पण आधी त्या बाईंना भेटून येते. त्यांची घोडी आहे. त्यांना पेपरातून कळायला नको.”

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दोघी बसने निघाल्या. जाऊबाईंना ‘तुम्ही नका येऊ’ म्हणून पाहिलं. त्या तोवर बूट घालून दारात उभ्या होत्या. शेवटच्या थांब्यावर उतरून चिखलाच्या वाटेने चालत गेलं की लाकडी कुंपण आणि कौलारू तबेला. घोडेवाल्या बाई बादली घेऊन पुढे आल्या. सत्तरीच्या, उन्हाने रापलेल्या, एका पायाने लंगडत.

सुईमावशीने वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. ती एवढंच म्हणाली, “आम्ही चिमणीबद्दल बोलायला आलोय.”

“चिमणी?” बाईंचा चेहरा असा उजळला की सुईमावशीला पळून जावंसं वाटलं. “तुम्ही पाहिलीत तिला? कशी आहे? पाय दुखतात का अजून?”

मग सांगावंच लागलं. सुईमावशीने काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. बाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. रडल्या नाहीत.

“तिला पळवेना झालं तेव्हा एक माणूस आला होता. म्हणाला, माझ्याकडे म्हाताऱ्या घोड्यांसाठी कुरण आहे, तिथे राहील आरामात. फोटोही पाठवायचा. हिरवंगार गवत, त्यात ही उभी.” त्या थांबल्या. “एकच फोटो असणार. तोच फिरवून फिरवून पाठवत असेल. मी कधी नीट पाहिलाच नाही. बरं वाटत होतं ना, म्हणून.”

जाऊबाईंनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुम्हाला माहितीय का ती कोण होती?” बाई एकदम म्हणाल्या. “अर्ध्या गावाने घोड्यावर बसणं तिच्या पाठीवर शिकलंय. एकदा एक पोर निसटलं आणि थेट तिच्या पोटाखाली पडलं. चिमणीचा पुढचा पाय हवेत होता, खाली टेकणार एवढ्यात तिने तो तसाच वर धरला. तीन पायांवर उभी राहिली, एवढं धूड. थरथरत होती, घाम फुटला होता तिला, पण पाय खाली ठेवला नाही. मी धावत जाऊन पोराला ओढून काढलं, मग तिने हळूच टेकवला. कुणी शिकवलं होतं तिला हे? मी तर नव्हतं.”

सुईमावशीने आपल्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी त्या ट्रेतला तुकडा न् तुकडा दाबून पाहिला होता.

“या,” बाई उठल्या. “तिची लेक दाखवते.”

तबेल्यात अंधुक उजेड होता, गवताचा आणि ऊबदार घामाचा वास होता. शेवटच्या कप्प्यातून एक भलंमोठं डोकं बाहेर आलं. सुईमावशी दोन पावलं मागे सरकली. चित्रात घोडा एवढा मोठा नसतो. चित्रातला घोडा असा श्वासही घेत नाही. हिच्या श्वासाने कोटाची बाही हलत होती.

“घाबरू नका. राई नाव तिचं. हात ठेवा मानेवर, इथे, डाव्या बाजूला.”

तिने हात ठेवला. पहिल्यांदा जाणवली ती ऊब. इतक्या वर्षांत तिच्या हाताला मांस लागलं होतं ते थंडगारच. ते मुळात गरम असतं हे तिला डोक्याने ठाऊक होतं, पण हाताला आज कळलं. कातडीखाली काहीतरी सरसरत गेलं, एक शीर फुगली, ओसरली, पुन्हा फुगली. तळहाताखाली रक्त वाहत होतं. राईने मान वळवली आणि काळ्याभोर डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यात सगळा तबेला दिसत होता, दारातला उजेड, जाऊबाई आणि पांढऱ्या चेहऱ्याची ती स्वतः.

किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. अखेर जाऊबाईच म्हणाल्या, “अगं, शेवटची बस चुकेल.”

दुसऱ्याच दिवशी तिने डॉक्टरांना होकार कळवला आणि मग चक्रं फिरली. अन्न तपासणी खात्याच्या एक तपासनीस बाई आल्या, तरुण, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी कारखान्याच्या गोदामातल्या ठोकळ्यांचे नमुने नेले. सुईमावशीला जबाबासाठी बोलावलं तेव्हा त्यांनी टेबलावर एक नकाशा पसरला होता.

“नखाएवढा तुकडा पुरतो आम्हाला,” त्या म्हणाल्या. “जनावर कुठलं ते प्रत्येक कणात लिहिलेलं असतं. ते पुसता येत नाही. खोक्यावरचा शिक्का तेवढा बदलता येतो.”

“मग काय निघालं?”

“जवळपास निम्म्या ठोकळ्यांत घोडा. तो कुरणवाला म्हातारे घोडे गोळा करायचा. एका देशात कापायचे, तिथे ते घोड्याचं मांस म्हणूनच विकलं जायचं. मग दुसऱ्या देशातल्या दलालाकडे. तिसऱ्या देशातल्या शीतगृहात शिक्के बदलायचे. आणि तिथून तुमच्याकडे.” त्यांचं बोट नकाशावरून फिरत फिरत परत याच शहरावर आलं. “इतर मालही तपासला. कोंबडीचे तुकडे जड दिसावेत म्हणून पाणी भरलेलं आहे आणि ते पाणी धरून ठेवायला दुसऱ्याच जनावराच्या हाडाकातड्यांची पूड. डब्यावर त्यातलं एक अक्षर नाही.”

“कोंबडीत तिसरंच जनावर आणि बीफमध्ये घोडा!” जाऊबाई म्हणाल्या, त्यांना अर्थातच बाहेर थांबवता आलं नव्हतं. “म्हणजे एका पिशवीत अख्खा गोठा घेऊन येत होते मी!”

सुईमावशी मात्र नकाशाकडेच बघत होती. जिवंतपणी चिमणी शाळेच्या कुंपणापासून नदीपर्यंत जायची आणि परत यायची. मेल्यावर तिने डोंगर ओलांडले, सीमा ओलांडल्या, इतक्या हातांतून गेली आणि कुणीही तिला ओळखलं नाही. घोडी हरवली होती आणि तो दाणा मात्र आपली हाक जपून चालला होता, अंधारात, बर्फात, हजार मैल.

“एका ठोकळ्यात किती जनावरं असतात?” तिने विचारलं.

“मोजता येत नाहीत,” तपासनीस बाई म्हणाल्या. “बाकीच्यांचे दाणे काढून टाकले असणार. हिचा शिरेत सरकून बसला होता, म्हणून सुटला.”

बातमी फुटली आणि शहरातल्या सुपरमार्केटांत मांसाची कपाटं रिकामी झाली. लोक रिकाम्या, दिवे लावलेल्या कपाटांपुढे उभं राहून बघत. कारखाना बंद पडला. तो काळ सुईमावशीला जड गेला. पॅकिंगमधली तिची जुनी मैत्रीण तिला रस्त्यात भेटली आणि भर रस्त्यात म्हणाली, “तुझ्या त्या दाण्याने आमची चूल विझवली. टाक म्हटल्यावर टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं?” घरी येऊन सुईमावशी भांडी घासत बसली, धुतलेलीच परत.

कुरणवाला पकडला गेला, दलालही. कारखान्याच्या खरेदी खात्यातला एक साहेब सगळं जाणून होता. त्यालाही शिक्षा झाली. मालक म्हणाला, मला काहीच ठाऊक नव्हतं. ते खरं की खोटं, कुणालाच कळलं नाही. पुढे कारखाना दुसऱ्या कुणीतरी घेतला आणि भोंगा परत वाजला. सुपरवायझर स्वतः जिना चढून घरी आला. पहिल्यांदाच तो घाईत नव्हता.

“मावशी, या कामावर. कुणी काही म्हणणार नाही.”

“म्हणतील,” ती म्हणाली. “म्हणू दे.”

ती गेली. लोक म्हणालेही. पॅकिंगवाली मैत्रीण अजून पूर्वीसारखी बोलत नाही, पण चहाच्या वेळी सरकून जागा देते.

सुट्टीच्या दिवशी मात्र सुईमावशी घरी सापडत नाही. ती बसने तबेल्यावर जाते, राईला खरारा करते, खूर साफ करायला शिकली आहे. घोडेवाल्या बाईंना एकटीला आता झेपत नाही. त्या तसं म्हणत नाहीत, पण ही जाते. घोड्यावर मात्र बसत नाही. “मला खालूनच बरं वाटतं, हात लावून,” म्हणते.

बसल्या त्या जाऊबाई. एका स्वच्छ सकाळी त्यांनी जाहीर केलं की आपण बसणार. पासष्टी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे. घोडेवाल्या बाईंनी लाकडी पायऱ्या आणल्या, दोघींनी मिळून जाऊबाईंना खालून ढकललं, पुष्कळ आरडाओरडा झाला, हसून हसून सुईमावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एकदाच्या जाऊबाई राईच्या पाठीवर विराजमान झाल्या. राई दगडासारखी स्तब्ध उभी होती. फक्त कान मागे वळवून पाठीवरचं माणूस कोण आहे ते ऐकत होती.

“खाली बघू नका,” घोडेवाल्या बाई म्हणाल्या. “समोर बघा. तिला कळतं तुम्ही कुठे बघताय ते.”

सुईमावशीने दोर धरला आणि चालू लागली. राईने पाऊल उचललं, मग दुसरं. जाऊबाईंनी आयाळ मुठीत गच्च धरली होती. कुंपणापाशी वळण घेताना मूठ सैल झाली.

“काय दिसतंय वरून?” सुईमावशीने विचारलं.

“अगं, सगळंच! नदी दिसतेय, पलीकडचा रस्ता दिसतोय, झाडांच्या वरून दिसतंय सगळं. आणि ही चालते ना, ते पायाला कळतं, एकेक पाऊल कळतं. एवढी ताकद आहे हिच्यात आणि बघ कशी जपून नेतेय मला!”

समोर तबेल्याचं दार आलं तशी सुईमावशी थांबली.

“झाली एक फेरी. उतरायचं?”

“छे,” जाऊबाई म्हणाल्या. “चल पुढे.”